तोळाभर शिसं

"काकू, एक आर्टिकल आहे, पण ऐकल्या ऐकल्या नाही म्हणू नका," असं निमिष फोनवर म्हणाला, तेव्हाच आसावरी सप्रे यांना कळायला हवं होतं की नाही म्हणायची वेळ हीच आहे. पण त्यांचा एक हात भिजवलेल्या पोह्यांत होता, दुसऱ्या हाताने फोन कानाशी धरलेला होता, आणि अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो.

निमिष त्यांच्या मैत्रिणीचा मुलगा. रेडमंडला राहून तो दुकानांच्या वेबसाइटसाठी लेख पुरवण्याची छोटीशी एजन्सी चालवायचा. आसावरीबाई एकेकाळी नागपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवत. नवऱ्याच्या नोकरीमागे जॉर्जियात अल्फारेटाला आल्या, मुलगी वाढवली, आणि ती शिकून घराबाहेर पडल्यावर निमिषसाठी लिहू लागल्या. गाद्या, पन्हाळीत पाला अडकू नये म्हणून लावायच्या जाळ्या, कुत्र्यांची बिस्किटं, काय मिळेल त्यावर. लेखाखाली नाव यायचं 'ए. सप्रे'. ते आजवर कुणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं.

"कशावर आहे?"

"डियर हंटिंगवर. म्हणजे बघा, रायफलचं एक काडतूस असतं, थ्री-ओ-एट म्हणतात. एकदम ऑलराउंडर. पण त्यात गोळी वेगवेगळ्या वजनाची मिळते. तर हरणासाठी कुठलं वजन घ्यावं, एवढंच लिहायचंय."

"निमिष, आमच्याकडे ऑम्लेटचा तवासुद्धा वेगळा आहे."

"काकू, कुत्र्यांच्या बिस्किटांवर लिहिलंत तेव्हा काय खाऊन बघितली होतीत?"

आसावरीबाईंनी पोहे उगाच ढवळले. एक बघितलं होतं.

"आणि हे मशीनकडून नाही का लिहून घेता येत?"

"घेतलं होतं. पण मालकीण म्हणते, ते वाचून तिला झोप येते. तिला माणूस पाहिजे. प्लीज काकू."

आसावरीबाईंनी पोह्यांतला हात झटकला आणि हो म्हणाल्या.

एकदा हो म्हटल्यावर काम टाकून देणं त्यांना जमणारं नव्हतं. आठवडाभर त्या वाचत होत्या, व्हिडिओ बघत होत्या, कागदावर आकडे मांडत होत्या. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात हे कळल्यावर पहिल्यांदा त्यांना ज्वारी-बाजरी आठवली. मग त्या मापाचा मागोवा घेता घेता त्या अशा ठिकाणी पोचल्या की रात्रीच्या जेवणापर्यंत थांबणं कठीण झालं.

"अहो, दीडशे ग्रेन म्हणजे किती माहितीये? दहा मासे. एकशे पासष्ट म्हणजे अकरा. आणि एकशे ऐंशी म्हणजे बरोब्बर एक तोळा!"

त्र्यंबकराव वरणभात कालवत होते. ते सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. कुठलीही गोष्ट कुठे बिघडू शकेल हे शोधणं त्यांचा व्यवसाय होता आणि स्वभावही.

"एका हरणाला एक तोळा?" ते म्हणाले. "तुझ्या वडलांनी मला अंगठी घातली ती अर्ध्या तोळ्याची."

"ती तुम्हाला फेकून मारली नव्हती."

"फेकून मारली असती तर चाललं असतं, पण एक तोळा हवी होती."

आसावरीबाईंनी लेख लिहिला. हलकी गोळी वेगात जाते, तिचा मार्ग सरळ राहतो. जड गोळी हळू जाते, पण हाड लागलं तरी आत खोल शिरते. नेहमीच्या अंतरावर, नेहमीच्या हरणासाठी दीडशे पुरते, एकशे पासष्टही चालते, एकशे ऐंशीनेही काही बिघडत नाही. खरी गोष्ट एवढीच होती आणि ती चार ओळींत संपत होती. बाकीच्या ओळी भरताना त्यांनी एक परिच्छेद हरणाबद्दल लिहिला. गोळीचं काम हरीण पाडणं नाही, काय झालं हे त्याला कळायच्या आत सगळं संपवणं हे आहे, असं काहीसं. तो लिहिताना त्यांचा चहा निवून गेला.

तरी शेवट फिका वाटत होता. वर्गात काही मुलं परीक्षेला तीन-तीन पेनं, दोन कंपास आणि सगळ्यांत जाडजूड गाइड घेऊन यायची आणि पहिल्या प्रश्नालाच गडबडायची, ती त्यांना आठवली. त्या तंद्रीत त्यांनी शेवटचं वाक्य लिहिलं: 'एकशे ऐंशी ग्रेन ही ज्याचा स्वतःच्या नेमावर भरवसा नाही, त्याची गोळी.'

वाक्य चांगलं होतं. तोच त्याचा दोष ठरला.

काही आठवड्यांनी निमिषचा पुन्हा फोन आला. आवाज पडलेला होता.

"काकू, प्रॉब्लेम झालाय. तुमचं आर्टिकल लोकांनी वाचलं."

"मग?"

"म्हणजे खरंच वाचलं. शेवटपर्यंत."

ते दुकान अल्फारेटाच्या उत्तरेला, डोंगर सुरू होतात तिथे होतं. मालकीण लोरेटा हिने आसावरीबाईंचं ते शेवटचं वाक्य आवडलं म्हणून मोठ्या अक्षरांत छापून काउंटरमागे लावलं होतं. त्या दिवसापासून एकशे ऐंशी ग्रेनच्या खोक्यांना कुणी हात लावेना. वर्षानुवर्षं तीच गोळी नेणारे बाप्ये रांगेत उभे राहून छताकडे बघत 'दीडशे' म्हणायचे. एकाने एकशे ऐंशीचं खोकं घेतलं खरं, पण काउंटरपर्यंत ते कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्याखाली लपवून आणलं. सीझन तोंडावर आला होता आणि लोरेटाची निम्मी फळी एकशे ऐंशीनेच भरलेली होती.

"तिला म्हणावं, ती पाटी काढून टाक."

"काढली. पण आता लोक ते तोंडपाठ म्हणतात. आणि अजून एक आहे काकू. ती सप्रे हे नाव सॅपर असं वाचते."

"मग?"

"सॅपर म्हणजे आर्मीतला इंजिनियर ना. तिला वाटतंय, कोणीतरी रिटायर्ड फौजी आहे. सगळ्यांना तेच वाटतंय. ओल्ड सॅपर काय म्हणतो, असं चाललंय तिकडे. शनिवारी ओल्ड सॅपरने येऊन लोकांशी बोलावं अशी तिची इच्छा आहे."

"आणि तू काय सांगितलंस?"

"मी खोटं काही बोललो नाही. फक्त म्हटलं, सप्रे व्हेरी सीनियर आहेत."

शनिवारी सकाळी गाडीत बसताना आसावरीबाईंनी ठरवलं होतं की जायचं, खरं काय ते सांगायचं आणि परत यायचं. त्र्यंबकराव ड्रायव्हिंगला म्हणून बरोबर निघाले. शिकारी लोक एकमेकांना हरीण समजू नयेत म्हणून केशरी रंग घालतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. दुकानात गोळी सुटण्याची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही, असं म्हणून त्यांनी मराठी मंडळाच्या ढोलपथकाचा केशरी टी-शर्ट चढवला होता.

या टी-शर्टानेच घात केला. दुकानात शिरताच लोरेटाची नजर त्यावर पडली. सत्तरीला टेकलेली, हाडापेराने मजबूत, पांढऱ्या केसांची वेणी घातलेली बाई काउंटरमागून धावत आली आणि तिने त्र्यंबकरावांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मिस्टर सॅपर!"

"यस," त्र्यंबकराव म्हणाले. प्रश्न नीट ऐकू आला नाही की यस म्हणायचं, ही त्यांची ऑफिसातल्या मीटिंगांमधली जुनी सवय होती.

आसावरीबाईंनी तोंड उघडेपर्यंत त्र्यंबकरावांच्या हातात कॉफी आली होती, त्यांना खुर्चीवर बसवलं होतं आणि पंधरा-वीस दाढीवाले, टोप्या घातलेले पुरुष गोल करून उभे राहिले होते.

"अहो, सांगा त्यांना!" आसावरीबाई मराठीत कुजबुजल्या.

"काय सांगू? त्यांची कॉफी प्यायलो ना मी."

पहिला प्रश्न आलाच. एका तरुणाने विचारलं की त्याच्या रायफलची नळी आखूड आहे, तर त्याने कुठलं वजन घ्यावं? त्र्यंबकरावांनी बायकोकडे बघितलं. बघण्यात इतकी दीनवाणी विनंती होती की आसावरीबाईंचा नाइलाज झाला.

"आखूड नळीत वेग कमी मिळतो म्हणावं. हलकी बरी. पण आधी विचारा, किती लांबून मारतो?"

त्र्यंबकरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. तरुणाने मान डोलावली. दुसरा प्रश्न आला, तिसरा आला. आसावरीबाई मागून मराठीत सांगायच्या, त्र्यंबकराव थोडं थांबून, दूर कुठेतरी बघत, ते इंग्रजीत म्हणायचे. त्या थांबण्यामुळे उत्तराला वजन यायचं. मंडळींना वाटलं की म्हातारा बोलण्याआधी बायकोशी आपल्या भाषेत सल्लामसलत करतो, आणि त्यांच्या मनातला आदर आणखी वाढला.

मग त्र्यंबकरावांना धीर चढला. एकाने एकशे पासष्टबद्दल विचारलं, तेव्हा आसावरीबाईंची वाट न बघता ते म्हणाले, "गोळी कुठलीही असो, प्रॉडक्शनला जाण्याआधी टेस्ट करा. स्वतःच्या बंदुकीत. प्रत्येक बंदूक वेगळी वागते."

सगळे एकदम 'बरोबर' म्हणाले. आसावरीबाई चकित होऊन नवऱ्याकडे बघत राहिल्या. उत्तर खरंच बरोबर होतं.

"मिस्टर सॅपर, तुम्ही पहिलं हरीण कधी मारलंत?" कुणीतरी विचारलं.

त्र्यंबकराव गोंधळले. मागून काही आवाज येईना. शेवटी ते खरं तेच बोलले. "अजून नाही मारलं."

सगळं दुकान खो खो हसलं. एकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. इतक्या कोरड्या चेहऱ्याने विनोद करणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता.

हसणं ओसरल्यावर मागे उभा असलेला एक उंच, शिडशिडीत म्हातारा पुढे आला. सगळ्यांनी त्याला वाट दिली. त्याचं नाव वेंडेल. गावातल्या निम्म्या लोकांचे दात त्याने दुरुस्त केले होते. आता तो निवृत्त होता. त्याच्या हातात एकशे ऐंशी ग्रेनचं खोकं होतं, आणि ते त्याने लपवलेलं नव्हतं.

"मिस्टर सॅपर," तो दाताच्या डॉक्टरच्या मऊ आवाजात म्हणाला, "तुमचं ते वाक्य मी वाचलं. मला राग नाही आला. ते खरं आहे." त्याने रिकामा हात पुढे केला. हात थरथरत होता, बारीक, न थांबता. "याच्यामुळे मी दवाखाना बंद केला. माझा माझ्या नेमावर भरवसा नाही. म्हणून मी जड गोळी घेतो. थोडं इकडेतिकडे लागलं तरी जनावर तळमळत राहू नये म्हणून. पण तुमचं वाचल्यापासून मनात येतंय, की ज्याला असं वाटतं त्याने जंगलात जावंच का? तुम्ही अनुभवी आहात. मला स्पष्ट सांगा. जाऊ की नको?"

त्र्यंबकरावांनी बायकोकडे बघितलं नाही. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि ते खुर्चीतून उठले, एवढंच.

परीक्षेला तीन पेनं आणणाऱ्या पोरांवर लिहिलेलं वाक्य होतं ते. जॉर्जियाच्या डोंगरात एक माणूस ते वाचेल आणि बंदूक भिंतीला टांगून ठेवायचा विचार करेल, हे आसावरीबाईंच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या पुढे झाल्या.

"ते वाक्य माझं आहे," त्या म्हणाल्या. "लेख मी लिहिलाय. सप्रे मीच. मी फौजेत नव्हते. मी फिजिक्स शिकवायचे. बंदूक मी आजपर्यंत हातात धरलेली नाही, आणि आम्ही मांसही खात नाही."

लोरेटाने त्र्यंबकरावांकडे बोट केलं. "मग हा कोण?"

"हे माझे मिस्टर. हे ड्रायव्हिंगला आलेत."

"यस," त्र्यंबकराव म्हणाले. या वेळी प्रश्न नीट कळून.

वेंडेलने आसावरीबाईंकडे बघितलं. मग त्याच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या. "तरीच. तो हरणाबद्दलचा परिच्छेद आमच्यातल्या कुणी लिहिला नसता. आम्ही त्याचा विचार करतो, पण बोलत नाही."

"मला माफ करा," आसावरीबाई म्हणाल्या. "तुम्ही जावं की नाही, हे मला खरंच सांगता यायचं नाही. पण एक विचारू? तुम्ही हल्ली किती लांबून मारता?"

"पूर्वी दरीच्या या टोकावरून त्या टोकाला मारायचो. आता इथून रस्त्यापलीकडच्या त्या चर्चपर्यंत. त्यापलीकडे नाही. बंदूक फांदीवर टेकवतो. हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांबतो. नाही राहिलं तर जाऊ देतो. गेल्या वर्षी बहुतेक सगळी जाऊच दिली."

आसावरीबाईंच्या चेहऱ्यावर पुष्कळ वर्षांनी वर्गातला भाव आला. फळ्यावर चुकीचं समीकरण मांडूनही बरोबर उत्तर काढणारा विद्यार्थी भेटल्यासारखा.

"मग तुमचा भरवसा गोळीवर नाहीच आहे, डॉक्टर. दीडशे आणि एकशे ऐंशीत फरक किती? दोन ग्रॅम. चिमूटभर मीठ. चिमूटभर मिठाने हात स्थिर होत नाही. तुम्ही जवळ जाता, बंदूक टेकवता, थांबता, सोडून देता. काम त्यानं होतंय. गोळीचं नाव उगाच होतंय."

वेंडेलने हातातल्या खोक्याकडे बघितलं. "म्हणजे हे परत ठेवू?"

"ठेवा किंवा घ्या. हरणाला फरक पडणार नाही."

"मग घेतो," वेंडेल म्हणाला. "सवय आहे." आणि त्याने खोकं सगळ्यांसमोर काउंटरवर ठेवलं.

त्यानंतर दुकानात एक विचित्र गोष्ट घडली. माणसं बोलू लागली. एकजण म्हणाला, त्याचे वडील एकशे ऐंशी वापरायचे म्हणून तो वापरतो. दुसरा म्हणाला, पहिल्यांदा आला तेव्हा दुकानात तेवढंच शिल्लक होतं. तो पोत्याखाली खोकं लपवणारा गडी लालबुंद होऊन म्हणाला, आकडा मोठा आहे म्हणून त्याला आवडतो, बस. लोरेटा ऐकता ऐकता खोकी काढत होती आणि कुणीही छताकडे बघत नव्हतं. मात्र आसावरीबाईंकडे तिने एकदाही बघितलं नाही, त्यामुळे बाईंची धाकधूक कमी होईना.

रांग संपल्यावर लोरेटा काउंटरमागून बाहेर आली. "माझ्या दुकानासाठी लिहिणारं माणूस, आणि एकदाही गोळी झाडलेली नाही," ती म्हणाली. "हे चालणार नाही. चला मागे."

दुकानामागे डोंगराच्या पोटाशी नेमबाजीची मोकळी जागा होती. त्र्यंबकराव बायकोच्या मागे मागे चालत होते. "आसावरी, तुझा खांदा आधीच दुखतो. आपल्या इन्शुरन्समध्ये हे बसतं का बघू दे. आणि काच फुटली तर? म्हणजे इथे काच नाहीये, पण तरी."

"अहो, गप्प बसा हो जरा."

वेंडेलने त्यांना बाकावर बसवलं. कानावर जाड कर्णरक्षक चढवले, रायफलचा दस्ता खांद्यात कसा रुतवायचा ते दाखवलं. बाकावरच्या उघड्या खोक्यातून त्याने एक काडतूस उचललं. त्याच्या बोटांत ते थरथरत होतं, पण बंदुकीत बरोबर बसलं. "घाई करू नका. नाही वाटलं तर सोडून द्या," तो म्हणाला.

आसावरीबाईंनी रायफलवरच्या दुर्बिणीतून बघितलं. समोर, लांबवर, पांढऱ्या कागदावर एक काळं वर्तुळ होतं. त्यांच्या डोक्यात वेग, घसरण, वारा, सगळे आकडे एकदम गोळा झाले. मग ते एकेक करून निघून गेले. उरलं ते वर्तुळ, आणि त्यांच्या श्वासाबरोबर त्याचं खाली-वर होणं. किती लहानशा हालचालीने ते सगळं चुकत होतं! वेंडेलचा हात त्यांना आता आतून समजला. त्या थांबल्या. वर्तुळ स्थिर झालं नाहीच, फक्त जरा कमी हललं. त्यांनी चाप ओढला.

कुणीतरी खांद्यावर मुसळ मारल्यासारखं झालं. आवाज डोंगरावर आपटून परत आला. पक्षी उडाले. त्र्यंबकराव खाली बसले होते.

वेंडेलने दुर्बीण डोळ्याला लावली, बराच वेळ कागद न्याहाळला. मग कागदाचा उजवा खालचा कोपरा न्याहाळला. मग कागदाशेजारचा मातीचा ढीग.

"हरीण सुखरूप आहे," तो म्हणाला.

आसावरीबाईंनी इतका मोठा श्वास सोडला की लोरेटाला हसू फुटलं. हसता हसताच तिने पुढच्या लेखाचं काम सांगून टाकलं. 'नेम' या एकाच विषयावर, आणि खाली पूर्ण नाव घालून.

परतताना डोंगर मागे पडले. झाडं लाल-पिवळी झाली होती. आसावरीबाई एका हाताने खांदा चोळत खिडकीबाहेर बघत होत्या. त्र्यंबकराव भुवया आक्रसून गाडी चालवत होते, म्हणजे काहीतरी टेस्टिंग चाललं होतं.

"आसावरी," शेवटी ते म्हणाले, "धक्का जोरात बसला का ग?"

"बसला की."

"नाही, म्हणजे मी विचार करत होतो. तू झाडलीस ती कुठली होती? दीडशे, एकशे पासष्ट, की तोळ्याची?"

आसावरीबाईंचा खांद्यावरचा हात थांबला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग समोर रस्त्याकडे.

"अग बाई," त्या म्हणाल्या. "ते मी विचारलंच नाही."